वकीलसाहेबांच्या मागं

"वाजव रे मांगट्या! तुझा बाप मेला हिंगोलीत."

देशमुख ओसरीवर बसून गूळ वाटत होता. वकीलसाहेब तापानं गेल्याची बातमी सकाळीच आमच्या गावात, साखऱ्यात आली होती. मला हलगीसकट ओढून आणलं होतं. लोक हसत होते.

"लग्नात वाजवतोस तशी वाजव. आता कोण बोलणार तुमच्याकडून?"

माझे हात हलले नाहीत.

वकीलसाहेब आमच्या रक्ताचे नव्हते. चांभाराचे, हैदराबादेत शिकलेले. निजामाचं राज्य होतं. उन्हाळ्यात आमचा झरा आटला, म्हणून आक्कानं देशमुखाच्या विहिरीत घागर सोडली. त्यानं काठी घातली. तिचा हात मोडला. पोलीस पाटलानं वर कळवलं, पाय घसरून पडली.

मग वकीलसाहेब आले. आमच्या घरात खाली बसले.

"ताई, हात दाखवा."

आक्काला असं कुणी कधी बोललं नव्हतं. मार खाताना न रडलेली आक्का तेव्हा रडली.

त्यांनी देशमुखावर फिर्याद लावली. कचेरीत माझी साक्ष होती. देशमुखाचा वकील म्हणाला, याला व्हरांड्यातून बोलू द्या. वकीलसाहेबांनी कागद मिटले.

"साक्षीदार बाहेर, तर मीही बाहेर."

हाकिमानं मला आत घेतलं. साक्ष अर्धी राहिली, पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "खाली बघून खरं बोललास तरी खोटं वाटतं. देशमुखाच्या डोळ्यांत बघ."

आणि आता हा गूळ.

मी गळ्यातली हलगी काढली. देशमुखाच्या पायाशी टाकली.

"तुमीच वाजवा."

मारलं मला. खूप मारलं. फाटक्या ओठानं हिंगोलीला चालत गेलो. साहेबांना मूठमाती दिली. रडू आलं नाही. डोळ्यांपुढं देशमुखाचं हसणारं तोंड होतं.

तारखेला एकटा उभा राहिलो.

"वकील कुठं?" हाकिमानं विचारलं.

"वारले. मी हाय."

देशमुखाच्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं. काठी, घागर, आक्काची किंकाळी. आधी त्याचीच नजर खाली गेली.

शिक्षा? नुसता दंड. भरून मोकळा झाला. कचेरीच्या पायऱ्यांवर मिशी पुसत म्हणाला, "झालं का रं समाधान?"

"न्हाई."

तो मरावा असं मला वाटत नाही. मेला तर सुटेल. त्यानं पुष्कळ जगावं. मांगवाड्यात, तांड्यावर, ज्याच्या ज्याच्या पाठीवर त्याचे वळ आहेत, त्या एकेकाला मी कचेरीत आणणार. म्हातारपणी त्याला त्या पायऱ्या चढायला लावणार. धाप लागली तरी बसू देणार नाही.