उजवीकडेच वळणारी गाडी

एकतिसाव्या वर्षी बापाची सही मागावी लागते, हे मला अजिबात मान्य नव्हतं. पण मला मोटारींच्या रॅलीत, मातीवरच्या शर्यतीत उतरायचं होतं, गाडी आप्पांच्या नावावर होती आणि रॅलीवाल्यांना गाडीमालकाचं संमतीपत्र हवं होतं. महिनाभर डोकं खाल्ल्यावर आप्पांनी अट घातली. मळ्यातल्या खळ्यात मधोमध कडुनिंब आहे. त्याला कशालाही न धडकता दोन वळसे घालून दाखवायचे, एक उजवीकडे वळत, एक डावीकडे वळत. मग सही. शहाद्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला ही परीक्षा फारच सोपी वाटली.

मातीवर गाडी झटकन फिरवायची तर मागची दोन्ही चाकं क्षणभर जाम करावी लागतात. त्यासाठी मी हायड्रॉलिक हँडब्रेक मागवला होता, म्हणजे हातभर उंच दांडा आणि त्याच्या पायथ्याशी ब्रेक ऑइलचा छोटा पंप. तो बसवायला मिळाले पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावरचे, उसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्तरी.

"हाई कशासाठे शे, ताई?"

"गाडी वळावासाठे."

"थांबाडासाठे नही?"

"नही, वळावासाठेच."

"मंग सोपं शे," ते म्हणाले, आणि मी निर्धास्त शाळेत गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर मिस्तरी गाडीखाली आणि आप्पा स्टेअरिंगवर. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना पेडल दाबायला दुसरा माणूस लागतो, आणि मळ्यात रिकामे तेवढेच होते. "दाबा... धरा... सोडा," मिस्तरी खालून ओरडत होते. ज्या माणसाने जन्मात कोणाचं ऐकलं नाही तो निमूटपणे दाबत, धरत, सोडत होता. मला बघताच म्हणाले, "मी फक्त पाय ठेयेल शे. सहीनं येगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. मिस्तरींनी दांड्याला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. आप्पा खाट टाकून बसले. पहिला वळसा उजवीकडे. मी दांडा ओढला आणि गाडी मागून अशी काही फिरली की मी स्वतःच्याच प्रेमात पडले. आप्पांनी काही दाखवलं नाही, पण चहाचा कप खाली ठेवला.

दुसरा वळसा. स्टेअरिंग डावीकडे, दांडा मागे. गाडी डावीकडे जाईच ना. रुसलेल्या बैलासारखी ती उजवीकडे ओढत खळं सोडून थेट केळीच्या बागेत घुसली. सात-आठ झाडं आडवी झाली. ठिबकची नळी तुटली आणि तिचं पाणी काचेवर उडू लागलं. मी वायपर लावले. का लावले, ते मला आजही सांगता येत नाही.

मिस्तरी धावत आले, वाकले आणि खुशीत म्हणाले, "ब्रेक तं मस्त लागना!"

तेव्हा उलगडा झाला. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेताच्या टोकाला ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूचा दाबतात. त्याच हिशोबाने मिस्तरींनी माझा दांडा एकट्या उजव्या चाकाला जोडला होता. "वळानंच शे ना? मंग एकच चाक धरानं," असं त्यांचं म्हणणं. एक पायरी गाळली तर मी पोरांचे अर्धे गुण कापते, आणि इथे "दोन्ही चाकं" ही पायरी मीच गाळली होती.

फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. सही हातची गेली हे कळून चुकलं होतं. चिखलात उभं राहून मला रडू यायला लागलं. केळींसाठी नाही, आप्पांच्या डोळ्यांदेखत हरले म्हणून.

आप्पा पडलेली झाडं ओलांडत आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मिस्तरींवर कडाडले,

"एकच बाजू जोडी? मन्ही पोर रॅलीले जाई, मंग तिले घर परत येवानं नही का?"