त्सोन्काला न दिसणारे चेहरे

बल्गेरियातल्या रुसे गावात माणूस गेला की त्याचा फोटो छापलेलं पत्रक घराच्या फाटकाला चिकटवतात. अशी पत्रकं छापणाऱ्या दुकानात एकदा भांडण जुंपलं, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तिथं कामाला असलेली त्सोन्का म्हणत होती, "मालक, संगणकात फोटो शोधला की नुसती आकडे-अक्षरांची रांग दिसते. चेहरा दिसेल असं करून घ्या."

"एकेक उघडून बघ की. डोळे काय शोभेला दिलेत?" मालक आसेन म्हणाला.

तेव्हापासून एकेक ओळ उघडून चेहरा शोधायचं काम तिच्याच गळ्यात पडलं आणि ती दावणीला बांधली गेली. वार्ना शहरात लेकीच्या बाळंतपणाला गेली, तर मागे आसेननं न उघडताच भलतीच ओळ उचलली. म्लादेनआजोबांच्या मेलेल्या भावाच्या पत्रकावर जिवंत आजोबांचाच फोटो छापून त्यांच्याच फाटकाला चिकटवला. आजोबा दुकानात आले. "बाबा, माझी अजून न्याहारी व्हायचीय. एवढी घाई कुणाला झालीय?"

सगळे हसले. त्सोन्काची रजा मात्र कायमची बुडाली. नातू तिला फोनवरच मोठा झालेला दिसला.

गेल्या हिवाळ्यात छातीत कळा येत असतानाही ती कामावर आली. तो तिच्या आयुष्यातला शेवटचा दिवस, हे तिलाही ठाऊक नव्हतं. एका म्हातारीला जाऊन चाळीस दिवस झाले होते, त्या चाळिसाव्याचं पत्रक होतं. तिनं रांगेतली एकेक ओळ उघडली, चेहरा नीट पाहिला, छापला, फाटकाला चिकटवला आणि कोपरे अंगठ्यानं दाबले.