जावयाचा होमरन आणि माझा थ्रो

मी आयुष्यात एकच कॅच घेतला आणि त्यापायी मला माझ्या एकुलत्या एका लेकीच्या बाळंतपणाला बोलावलं गेलं नाही.

माझा जावई बेसबॉल खेळतो. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही "ते ठीक आहे, पण करतो काय?" असंच विचारलं होतं.) राफाएल मूळचा डोमिनिकन, म्हणजे कॅरिबियन बेटांवरचा. खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपीला आला आणि फिजिओथेरपिस्टच घेऊन गेला. ती म्हणजे आमची मित्रा. आता मी पडलो नागपूरचा, चळवळीतल्या घरातला. अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात दर वर्षी माइक धरून, माणसानं जात, धर्म, देश काही न बघता लग्न करावं, असं सांगणारा. त्यामुळे घरात विरोध करायला माझ्याकडे एकही मुद्दा शिल्लक राहिला नव्हता. मग मी हेल्थ इन्शुरन्सचा मुद्दा धरून बसलो. उन्हाळ्यात इथल्या लहानसहान लीगमध्ये आणि हिवाळ्यात आपल्या देशात खेळणाऱ्या फिरत्या माणसाला इन्शुरन्स कोण देतो, असं मी साखरपुड्यात विचारलं, लग्नात विचारलं आणि पहिल्या दिवाळसणाला, म्हणजे आम्ही नुसतंच जेवायला बोलावलं होतं तेव्हाही विचारलं. त्यानंतर मित्रा फोन फक्त आईचा उचलायला लागली.

मग एका हिवाळ्यात दोन गोष्टी घडल्या. मित्राला दिवस असल्याचं कळलं, आणि राफाएलचा क्लब त्याच्या देशाच्या लीगमध्ये पहिला आला. तिकडच्या बेटांवर आणि आसपासच्या देशांत अशी पद्धत आहे की प्रत्येक देशाचा विजेता क्लब फेब्रुवारीत एका जागी जमतो आणि त्यांची आपापसांत स्पर्धा होते. त्या वर्षी ती मायामीत होती. मित्रानं चक्क मला फोन केला.

"पप्पा, तुम्ही आणि मम्मी या. राफाची मम्मी पण येतेय. जस्ट बसा आणि टाळ्या वाजवा. आणि प्लीज, नो इन्शुरन्स."

"मी कशाला काढू इन्शुरन्सचा विषय?"

"पप्पा, आय अ‍ॅम सीरियस. हे नीट पार पडलं तर जूनमध्ये डिलिव्हरीला तुम्ही दोघं या. नाहीतर मी राफाच्या मम्मीला बोलावते. मला त्या वेळी घरात ड्रामा नकोय."

म्हणजे परीक्षाच होती. आणि सांगतो, मॅचच्या दिवशी सकाळचा पेपर मला उत्तम गेला. हॉटेलच्या नाश्त्याला राफाएल आला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, पप्पा." पप्पा! तोवर तो मला सर म्हणत होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला माझ्या ताटातला पॅनकेक वाढला. त्यानं मला त्याच्या टीमचा निळा शर्ट दिला, पाठीवर त्याचं आडनाव असलेला. मी तो तिथल्या तिथे, होतो त्या शर्टावरच चढवला. नलिनी, म्हणजे आमची मंडळी, डोळे पुसत होती.

मैदानात आमच्या जागा पार मागे, कुंपणालगतच्या स्टँडमध्ये होत्या. एका बाजूला नलिनी, दुसऱ्या बाजूला राफाएलची आई, डोन्या कार्मेन. (डोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाई'.) बाईंच्या गळ्यात शिट्टी होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं, त्यामुळे आमचं फार छान जमलं. नलिनीनं अ‍ॅशबर्नहून करून आणलेला चिवडा बाईंना एवढा आवडला की डबा त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि मला अधूनमधून त्यातून वाढू लागल्या.

राफाएल मात्र खेळतच नव्हता. स्पर्धाभर तो बाकावर बसून होता. छत्तिशीच्या खेळाडूला पुढे करतो कोण? मॅच संपत आली, आमची टीम मागे पडली, तेव्हा कुणाला तरी त्याची आठवण झाली. त्याला बॅट घेऊन येताना बघितल्यावर डोन्या कार्मेननी शिट्टी फुंकली ती थेट माझ्या कानात. मित्रा त्या वेळी बाथरूमच्या लायनीत उभी होती, सहाव्या महिन्याकडे निघालेल्या बाईला दुसरं काय काम असतं?

राफाएलनं दुसऱ्याच बॉलला बॅट फिरवली. बॉल उंच गेला आणि माझ्याकडे यायला लागला.

इथे थोडं मागे जायला हवं. लहानपणी नागपूरला कॉलनीच्या क्रिकेट टीममध्ये मला लांब, नाल्याच्या कडेला उभं करायचे, कारण माझ्या हातातून कॅच सुटणार याबद्दल दोन्ही टीमचं एकमत असायचं. पण नाल्यात, गच्चीवर, कुणाच्या तुळशीत गेलेला बॉल शोधून परत फेकण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हता. वर्गणीतून आणलेला एकच बॉल. तो लपवून ठेवणारा माणूस आमच्या कॉलनीत सगळ्यात नीच समजला जायचा. क्रिकेटच्या स्टेडियममध्येही तेच. बॉल प्रेक्षकांत आला की प्रेक्षक तो परत देतो, मग पुढचा बॉल पडतो. यात विचार करण्यासारखं काही असतं हे मला माहीतच नव्हतं.

तर बॉल आला आणि माझ्या दोन्ही तळव्यांत बसला. तळवे जळाले, पण सुटला नाही. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा! सगळं स्टँड ओरडायला लागलं. खाली कुंपणाशी समोरच्या टीमचा फिल्डर मान वर करून उभा होता. बिचारा बॉलची वाट बघतोय, खेळ खोळंबलाय, असं मला वाटलं. मी उठलो, हात मागे नेला आणि असा झकास थ्रो केला की बॉल एका टप्प्यात त्याच्या पायाशी गेला.

आमचं स्टँड गप्प झालं. पलीकडचं, समोरच्या टीमच्या लोकांचं स्टँड उभं राहून नाचायला लागलं. ती दाद मला आहे असं समजून मी हात उंचावून अभिवादन केलं. (ती दाद मलाच होती, दुर्दैवानं.) मोठ्या पडद्यावर मी दिसत होतो, पाठीवर जावयाचं आडनाव, हात वर.

"अहो, काय करून ठेवलं तुम्ही?" नलिनी कुजबुजली.

"बॉल परत दिला. खेळ पुढे नको सरकायला?"

"त्यांच्याकडे दुसरा बॉल नसते काय?"

डोन्या कार्मेननी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या रांगेतल्या एका माणसानं मला इंग्रजीत समजावून सांगितलं. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला बॉल प्रेक्षकाचा. होमरनचा, म्हणजे आपल्या सिक्सरसारख्या फटक्याचा, बॉल लोक जन्मभर जपून ठेवतात. तो परत फेकतात फक्त शत्रूच्या होमरनचा, म्हणजे तुमचा होमरन आम्हाला कस्पटासमान, असं सांगायला. "बट सर," तो माझ्या पाठीवरचं नाव वाचत म्हणाला, "व्हाय वुड यू?"

मी धावलो. फिल्डरनं बॉल उचलून त्याच्या लोकांच्या स्टँडमध्ये भिरकावला होता. मी धापा टाकत तिकडे पोचलो, तर तिथे माझं हिरोसारखं स्वागत झालं. बॉल एका ढोलवाल्याकडे होता. मी हात जोडले, जावयाचा बॉल आहे म्हणून सांगितलं. त्यानं शर्ट बघितला, मित्रांना ओरडून गोळा केलं आणि मला मिठी मारली. खुद्द सासऱ्यानं परत फेकलेला बॉल! आता तर तो अजिबात देणार नव्हता. त्यांनी मला मध्ये घेऊन फोटो काढले, माझ्या डोक्यावर त्यांची टोपी घातली. मी परत आमच्या स्टँडमध्ये पोचायच्या आत तो फोटो राफाएलच्या चुलतभावांच्या फोनवर पोचला होता.

मित्रा आमच्या जागेपाशी उभी होती. तिनं सगळं लायनीत उभं राहून टीव्हीवर पाहिलं होतं.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"मित्रा, शप्पथ सांगतो, मला माहीत नव्हतं. मला वाटलं क्रिकेटसारखं—"

"पप्पा, अर्धं आयुष्य या देशात गेलं तुमचं. तुम्ही अख्ख्या कम्युनिटीचे टॅक्स भरून देता. अँड धिस यू डिडन्ट नो?" तिनं माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बोट केलं. "त्याची शेवटची मॅच होती ही. तो बॉल बाळाच्या खोलीत ठेवला असता त्यानं."

शिकलेल्या माणसाचं अज्ञान कुणी खरं मानत नाही. इन्शुरन्सबद्दल मी इतकं बोललो होतो की बॉलबद्दलचं माझं एकही वाक्य कुणाला खरं वाटेना. मला मनापासून रडू आलं, पण डोक्यावर अजून ती टोपी होती, त्यामुळे तेही शोभलं नसतं.

पार्किंगमध्ये राफाएल आला. मी पुन्हा सगळं सांगितलं, तळवे दाखवले. त्यानं शांतपणे ऐकलं. "नो प्रॉब्लेम, सर," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी परत सर आहे.

जूनमध्ये बाळंतपणाला डोन्या कार्मेन गेल्या. नलिनीला पुढच्या आठवड्यात बोलावणं आलं. मी अ‍ॅशबर्नमध्ये एकटा भात लावत होतो आणि फोनवर नातीचे फोटो बघत होतो. महिन्याभरानं मला परवानगी मिळाली.

मित्रानं बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा खोलीतल्या प्रत्येकानं नकळत हात पुढे केले. "पप्पा," मित्रा म्हणाली, "धिस वन वुई कीप." सगळे हसले. राफाएलही हसला. मी त्याहून मोठ्यानं हसलो. पण नात जरा कुरकुरली, डोन्या कार्मेननी हात पसरले, आणि मी काही विचार न करता ती त्यांच्याकडे परत देऊन टाकली.