टोल मावशीची हजेरी

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आमच्या घरात हजेरी व्हायची. टोल मावशी वलवणच्या घराच्या ओट्यावर पाय पसरून बसायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब धरलेला, आणि खात्यातून महिन्याच्या महिन्याला आपोआप पैसे ओढणाऱ्या एकेका गोष्टीचं नाव मोठ्यांदा पुकारायची. ‘‘गाणीवालं?’’ ज्याने ते घेतलं असेल त्याने मोरीत असो की माळ्यावर, तिथून ‘हजर’ म्हणायचं आणि गेल्या महिन्यात त्याचा काय उपयोग केला ते सांगायचं. लागोपाठ दोन महिने कुणी हजर म्हणालं नाही, की मावशी ते बंद करून टाकायची. मग कितीही गयावया करा, उपयोग नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिची उमर उर्से टोलनाक्याच्या खिडकीत गेली, म्हणून अख्ख्या आळीची ती टोल मावशी. गाड्यांना फास्टॅग आले, खिडकीतली माणसं कमी झाली, तशी ती घरी आली. नाका सुटला, पण वसुलीवाल्याची नजर काही सुटली नाही. घरात तिचा मुलगा विकीदादा, सून सोनालीवहिनी आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी बेडशाहून येऊन राहिलेली मी. खात्यात खात्रीने पैसे असायचे ते एकट्या मावशीच्या, त्यामुळे ज्याने त्याने आपापली हौस तिच्याच खात्याला बांधून ठेवली होती. हजेरी निघाली ती त्यातून.

तिचं तत्त्वज्ञान एका ओळीत मावायचं. ‘‘गाडी गेली तर टोल. गाडीच न्हाई गेली तर टोल कसला?’’

सोनालीवहिनीने एकदा योगासनांचं ॲप घेतलं होतं. हजेरीत नाव पुकारल्यावर ती पटकन हजर म्हणाली. मावशी म्हणाली, ‘‘दाखव एक आसन.’’ वहिनीने थोडा विचार केला आणि ओट्यावरच शवासनात आडवी झाली. मावशीने तिला बराच वेळ तशीच पडू दिली. मग म्हणाली, ‘‘हे तर मी रोज दुपारी फुकट करते,’’ आणि ॲप बंद केलं. वहिनी निजल्या निजल्याच हसत होती.

‘पहिला महिना मोफत’ या शब्दांवर तिचा फार राग. ‘‘नाक्यावर फुकट कोण सोडतंय का? सोडलंच तर त्याचा नंबर लिहून घेतलेला असतोय,’’ असं ती म्हणायची. शेजारच्या भिकूआबांच्या फोनवर रोज सकाळी राशिभविष्य यायचं आणि त्यापायी त्यांचा रिचार्ज भुर्रकन उडायचा. कधी कुठलं बटण दाबलं गेलं होतं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं, उलट कंपनीने आपल्यावर मेहेरबानी केली अशी त्यांची समजूत. मावशीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘आबा, उद्या तुमचं पैसं जाणार, हे त्याला बराबर कळतंय. तेवढंच भविष्य येतं त्याला.’’ त्यानंतर आळीतले निम्मे फोन आमच्या ओट्यावर यायला लागले.

स्वतःच्या मुलालाही तिने सोडलं नाही. विकीदादा रिसॉर्टवर कामाला. दोन महिने लागोपाठ एक तारीख शनिवार-रविवारात आली, त्याची ड्यूटी होती, आणि त्याचं क्रिकेट गैरहजर पडलं. पुढे ऐन फायनलच्या दिवशी त्याने दहा मित्र गोळा केले, वडे मागवले, टीव्ही लावला, तर पडद्यावर ‘आधी पैसे भरा’.

‘‘आये, आज फायनल हाय.’’

‘‘मग हजेरीला का न्हवतास?’’

‘‘ड्यूटी होती.’’

‘‘मी बी ड्यूटीच केली.’’

शेवटी सगळी वरात वड्यांसकट भिकूआबांच्या घरी गेली. तिथे सगळ्यात पुढे, टीव्हीला नाक लावून, मावशीच बसली होती.

त्या यादीत माझं एकच नाव होतं, अभ्यासिका. लोणावळ्याच्या बाजारात, वरच्या मजल्यावर. तिथली खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी मावशीनेच ठरवली होती. ‘‘खिडकीत बसलेल्या माणसाला झोप येत न्हाई, मी बसलेय,’’ असं ती अभ्यासिकेच्या सरांना सांगून आली होती. तिथेही दर महिन्याला तिच्याच खात्यातून पैसे जायचे. आमच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर अजून कुणी बसलं नव्हतं. बेडशाला आई शेतातून आली की आधी फोन करून विचारायची, ‘‘गेलतीस का आज?’’ हजेरीत ‘अभ्यासिका’ म्हटलं की सगळ्यात मोठ्या आवाजात हजर म्हणायची ती मी.

मग निकाल लागला आणि माझं थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकणं फार वाईट, धड रडताही येत नाही. मी पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली आणि एका भाड्याच्या बंगल्यावर रिसेप्शनला लागले. मुंबईच्या पाहुण्यांकडे बघून हसायचं आणि त्यांना वायफायचा पासवर्ड सांगायचा, एवढंच काम. एक तारखेला मावशीने ‘अभ्यासिका’ पुकारलं. मी चहा गाळत राहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा पुकारलं, तेव्हा मीच म्हणाले, ‘‘दोनदा गैरहजर झाली. तोड आता.’’

‘‘बघू,’’ मावशी म्हणाली.

त्यानंतर ते नाव हजेरीत आलं नाही. सगळी नावं संपली की मावशी फोनकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि स्वतःच ‘हजर’ म्हणून चष्मा काढायची, एवढंच. वहिनीने एकदा विचारलं, ‘‘आई, हे तुमचं काय हजर?’’ मावशी म्हणाली, ‘‘हाय माझं. मी इचारते का कुणाला?’’ दर महिन्याला सगळ्या घराला विचारणारी बाई असं म्हणते, यावर आम्ही पोट धरून हसलो. बुद्धविहाराची वर्गणी असेल, असं आम्ही धरून चाललो.

पुढच्या उन्हाळ्यात मी अभ्यासिकेत राहिलेली माझी बसायची उशी आणायला गेले. सरांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘‘या मॅडम. सुट्टी फार मोठी घेतलीत.’’ खिडकीजवळच्या खुर्चीवर माझी उशी होती तशी होती. ‘‘दुसऱ्या कुणाला दिली नाही का?’’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘देणार कशी? तुमच्या मावशीचे पैसे येतायत ना दर महिन्याला.’’

मी तरातरा घरी आले. आपल्याकडून कुणीतरी अजून आशा ठेवून आहे हे कळलं, की आधी रागच येतो. मावशी ओट्यावर मेथी निवडत होती.

‘‘नियम सगळ्यांना आणि मला नाही का?’’ मी म्हणाले. ‘‘तूच म्हणतेस ना, गाडी गेली नाही तर टोल कसला?’’

मावशीने मेथीतून मान वर काढली नाही. ‘‘गाडी येणार न्हाई असं कुणी सांगितलं? घाटात लय गाड्या गरम होऊन थांबतेत. मानसं बॉनेट उघडून बाजूला बसतेत. इंजिन गार झालं की येतेत वर.’’ मग जुडीचा दोरा सोडत म्हणाली, ‘‘तवर लेन बंद करायची नसती.’’

तिच्या पुढ्यात बसून मी मेथी निवडू लागले आणि रडू लागले, आणि ती म्हणाली, ‘‘देठं नको टाकू भाजीत.’’ सोमवारी सकाळी मी पोतं माळ्यावरून खाली काढलं.

पुढच्या खेपेला माझं नाव निकालाच्या यादीत आलं. आता मी मावळातच एका सरकारी कार्यालयात आहे, आणि खुर्ची चांगली आहे, फक्त खिडकीपासून लांब आहे. मावशी गेल्या थंडीत गेली. दुपारी जेवून तिच्या त्या शवासनात आडवी झाली ती उठलीच नाही. तिचं खातं बंद झालं त्या महिन्यात घरातली गाणी, सिनेमे, क्रिकेट, सगळं एकदम ठप्प झालं. विकीदादा काळ्या टीव्हीसमोर बसून म्हणाला, ‘‘आय गेली ती नाकाच बंद करून गेली,’’ आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला.

मी माझ्या खात्याला एकच गोष्ट जोडून घेतली, अभ्यासिका. खिडकीजवळच्या खुर्चीवर माझ्यानंतर कामशेतकडची एक मुलगी बसायची. निकालानंतर ती घरी गेली ती अजून आली नाही. सर म्हणाले, जागा देऊन टाकू का? मी नको म्हणाले.

माझं लग्न झालं, आणि हजेरी आता माझ्या घरी होते. नवरा फोन घेऊन बसतो आणि नावं पुकारतो. परवा तो एका नावापाशी अडला. ‘‘अभ्यासिका? ही कुणाची? इथे तर कुणीच जात नाही.’’

मी स्वयंपाकघरातून म्हणाले, ‘‘हजर.’’