सात मात्रांची वरात

बाकीच्यांच्या लग्नात काय बिघडतं? भाजी कमी पडते, लाइट जाते, एखादा मामा न जेवता निघून जातो. माझ्या लग्नात कॅनडा आडवा आला. हसू नका, खरं सांगतोय. चहा येईपर्यंत मीच सांगून टाकतो, नाहीतर हा पिंट्या बसलाय ना समोर, तो सांगेल, आणि तो फार तिखटमीठ लावतो.

तर मी वरठीचा. स्टेशनच्या मागे घर, पुढे पोलादाचा कारखाना, आणि त्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा झाला, माझे अर्धे मित्र बसल्या जागी परजिल्ह्यात गेले, त्याच्या मागेपुढे कधीतरी मी कूलरची मोटर घ्यायला भंडाऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे गेलो. परत आलो तो कॅसेटचं खोकं घेऊन. कोणा साहेबाची बदली झाली होती, आणि साहेबाचं कोणीतरी कॅनडात असावं. खोक्यात सगळे तिकडचेच रॉक बँड. तो उन्हाळा आम्ही मोटरीशिवाय काढला. बाबा अजून बोलून दाखवतात.

बँडची नावं मी सांगत नाही. सांगितली की तुम्ही लगेच मोबाइलवर लावाल, दोन मिनिटांत बंद कराल, आणि आपली मैत्री संपेल. एक बँड मॉन्ट्रियलकडचा, त्यात व्हायोलिन. एक कुठल्यातरी खाणीच्या गावचा. त्यांचे फोटो पाहिले तर वाटायचं, हे आपल्या तुमसरच्या मँगनीजच्या खाणीवरचेच लोक आहेत, फक्त स्वेटर घातलेत. आणि सगळ्यांत वर ते टोरांटोकडचे तिघं. माणसं तीन, आवाज पूर्ण बाजाराचा.

त्या तिघांचा चौथा अल्बम एक नंबर. यावर चर्चा नाही. पिंट्याला पाचवा आवडायचा, म्हणून मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोललो नव्हतो. नंतर कळलं की त्याला पाचवा आवडायचा कारण तो लवकर संपायचा.

बाहेर सेहेचाळीस डिग्री, घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, आणि मी बर्फात अडकलेल्या ट्रकचं गाणं ऐकतोय. आई दारातून पाहायची आणि परत जायची.

आता चौथ्या अल्बमची गंमत ऐका. पहिल्या बाजूला एकच गाणं, अख्खी बाजू. सुरुवातीला धडाधड ढोल, तेही सात मात्रांत. आपली नाचायची गाणी दोनात किंवा चारात चालतात. हे सातात. म्हणजे जिथे तुमचा डावा पाय पडायला पाहिजे तिथे उजवा पडतो आणि मग कुठलाच पडत नाही. पुढे अचानक सगळं थांबतं. नुसती एक हळू धून, बराच वेळ. आणि मग ढोल परत येतात. ते परत येतात ना, त्या एका जागेसाठी मी जगत होतो म्हटलं तरी चालेल.

याच काळात माझं लग्न जमलं. मुलगी तुमसरच्या पुढच्या एका गावची, प्रज्ञा. शाळेत शिकवायची. वडील रिटायर्ड हेडमास्तर, त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणे. पाहायला गेलो तर पोह्यांची बशी समोर ठेवून तिनेच विचारलं, "तुम्हाले काय पाहिजे?"

"म्हणजे?"

"लग्नात. आधीच सांगा."

मी म्हटलं, "काहीच नको."

"माझ्या ताईच्या लग्नात पण काहीच नको होतं," ती म्हणाली. "मग वरात दारात आली आन् नवरदेव गाडीवरून उतरूनच नाही राहिला. मोटरसायकल कबूल केली तवा उतरला. मी लहान होती, पण बाबांचं तोंड मले अजून दिसते. माझ्या लग्नात असं झालं तं मी वरात परत पाठवीन. सांगून ठेवते."

बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मांडवाच्या दारात गाडी थांबली, नवरदेव उतरला नाही, की समजायचं, रुसला. काहीतरी पाहिजे त्याला. तोंडाने कोणी मागत नाही. नुसतं थांबायचं.

मी तिला शब्द दिला, आणि मनापासून दिला. मग तिने विचारलं, आवड काय आहे. तिथे मी सुरू झालो. पोहे गार झाले. मी चौथ्या अल्बमपर्यंत पोचलो तोवर गुरुजी उठून बैलांना पाणी पाजून परत आले होते. ती मात्र बसून होती. शेवटी म्हणाली, "बाप्पा, किती बोलता तुम्ही." तो होकार होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मला ती आवडली होती हो. इतकं ऐकून घेणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं. म्हणून ठरवलं, हिच्या दारात जायचं तर आपल्या सगळ्यांत आवडत्या गोष्टीने जायचं. आपली वरात त्या चौथ्या अल्बमवर.

आता वरातीत आमच्याकडे धुमाल असतो. पुढे ढोल-ताशे, मागे ढकलगाडीवर की-बोर्ड, भोंगे आणि जनरेटर. धुमाल सुरू झाला की मेलेला माणूसही खांदा हलवेल. भंडाऱ्याच्या गुड्डूभाऊंची पार्टी मी ठरवली आणि त्यांच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवला.

गुड्डूभाऊंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "सातचं आहे हे," ते म्हणाले. "भजनात वाजवतो ना आम्ही. जमते. पण भाऊ, वरातीत नाचन कोन याच्यावर?"

"तुम्ही वाजवा. नाचतील."

"आन् मधात हे बंद कायले पडते?"

"ते बंद नाही पडत. ते शांत आहे."

गुड्डूभाऊंनी कपाळाला हात लावला. पण त्यांचा धंदा होता. रेल्वे लाइनच्या पलीकडे रिकाम्या जागेत त्यांनी पोरांना घेऊन तालीम केली. मी रोज ड्युटी सुटली की जाऊन बसायचो. शेवटच्या तालमीत ते ढोल परत आले तेव्हा अंगावर काटा आला. पिंट्याही सोबत होता. तो म्हणाला, "नित्या, अजून टाइम आहे. साधा धुमाल लाव बे." मी त्याला पाचव्या अल्बमवाला म्हणून गप्प बसवलं.

लग्न मे महिन्यात. उघड्या जीपला झेंडूच्या माळा, जीपमध्ये मी, डोक्यावर फेटा. गावात शिरलो तेव्हा नेहमीचाच धुमाल चालू होता. माझे काका सगळ्यांत पुढे, रुमाल दातांत धरून नाचत होते. मांडवाच्या आधीचं वळण आलं, मी हात वर केला, आणि गुड्डूभाऊंनी सात सुरू केलं.

पहिल्या फेरीला काका थांबले. दुसऱ्या फेरीला त्यांनी जोर लावला आणि मागच्याच्या पायावर पाय देऊन दोघं खाली बसले. बायकांचा घोळका एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, मग सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. काका उठून ओरडले, "अबे, ढोलवाले पिऊन आहेत काय?" मी वरून हाताने सात मोजून दाखवत होतो. लोकांना वाटलं मी आशीर्वाद देतोय.

आणि मग मांडवाच्या बरोब्बर दारात ती शांत जागा आली. ढोल थांबले. की-बोर्डवर नुसती ती हळू धून. जीप थांबली. मी डोळे मिटले. कोणीतरी हात धरून म्हणालं, "चला, उतरा." मी डोळे न उघडता तळहात पुढे केला. थांबा, एवढंच. दुसरं काय करणार होतो मी? ढोल यायचे होते ना अजून.

तुम्ही सांगा, पाहणाऱ्याला काय दिसलं असेल? वाजंत्री थांबली, गाडी दारात उभी, नवरदेव डोळे मिटून, हात आडवा करून बसलेला.

"नवरदेव अडले," कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य मांडवात शिरलं. दारापाशी माझी मागणी सोन्याची चेन होती. खुर्च्यांपर्यंत गेली तेव्हा मोटरसायकल झाली. स्वयंपाकाच्या चुलीपर्यंत पोचली तेव्हा चारचाकी होती, आणि आचाऱ्याने वरणाखालचा जाळ कमी केला.

गुरुजी धावत आले. पांढरा सदरा घामाने भिजलेला. "जयभीम जावईबापू," ते म्हणाले. "उतरा ना खाली. काही कमी पडलं काय?"

मी त्या सुरांत होतो. मान डोलवत होतो. गुरुजींना वाटलं, हो म्हणतोय.

इथे माझ्या काकांनी एंट्री घेतली. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, पण पोरगा रुसलाच आहे तर आपण मोठ्यांनी मधे पडलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी कपड्यांवरची धूळ झटकली आणि गुरुजींना बाजूला घेतलं. "पाहा गुरुजी, आमचं तसं काही नाही. पण पोराचं मन आहे. त्याले रोज ड्युटीवर जा लागते. सायकलनं किती दिवस जाईन?"

आयुष्यभर वर्गात हुंड्याविरुद्ध बोललेला माणूस, आणि आता दुसऱ्यांदा दारात वरात उभी. ते एकदा मांडवाकडे पाहत, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, "मोटरसायकल देतो. पण पोरीले सांगू नका."

ते मी ऐकलं. डोळे उघडले. आणि समोर पाहिलं तर पोरीला सांगायची गरजच नव्हती. प्रज्ञा मांडवाच्या दारात उभी होती. पांढरी साडी, कपाळावर घाम. मागे सगळा गाव.

"सांगा," ती म्हणाली. "काय पाहिजे?"

"काहीच नको. आईची शपथ."

"मग अडले कायले?"

"अडलो नाही. हे गाणं आहे. ह्यात मधात शांत आहे. आता ढोल येतात परत."

काका मधेच म्हणाले, "गाणं-गिणं काही नाही, त्याले लाज वाटून राहिली बोलायची."

"काका, तुम्ही चूप बसा," मी म्हटलं. लग्नाच्या दिवशी मी मोठ्यांना उलट बोललो ते तेवढंच.

प्रज्ञाने की-बोर्डकडे कान दिला. "हे शांत किती वेळ आहे?"

"ही ओळ अजून दोनदा. मग ढोल. सातात. मी सांगितलं होतं ना तुम्हाले, पोहे खाताना."

"आठवते," ती म्हणाली. "मग आम्ही थांबतो. ढोल आले तुम्ही म्हणता तसे, तं उतरा. नाही आले, तं गाडी वळवा."

भर उन्हात दोन्हीकडची माणसं एका की-बोर्डचं ऐकत उभी राहिली. आचारी झारा हातात घेऊन आला. लग्न पणाला लागलं होतं, पण खरं सांगू? कुठेतरी आनंदही होता. आमच्या जिल्ह्यात त्या बँडला एवढे श्रोते कधी मिळाले असते?

ओळ एकदा झाली. ओळ दुसऱ्यांदा झाली. मी गुड्डूभाऊंकडे पाहून हात वर केला.

आणि गुड्डूभाऊंनी पाहिलं की नवरी मांडवाबाहेर आली आहे. तीस लग्नं वाजवली असतील की तीनशे, त्यांच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती. नवरी बाहेर दिसली की नाचाचं वाजवायचं. धडाड करून ढोल आले ते थेट चारात, आपला नेहमीचा, खांदे हलवणारा धुमाल. काकांनी रुमाल दातांत धरला. अर्धी वरात नाचायला लागली.

गुरुजींचा चेहरा पडला. प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? हात जोडले असते, समजावलं असतं, गुरुजींचे पाय धरले असते. मी जीपवरून उडी मारली आणि तिला ओलांडून, गुरुजींना ओलांडून, सरळ ढोलांकडे पळालो.

"सात, गुड्डूभाऊ, सात," मी ओरडत होतो. "हे काय लावलं? सातावर यायचं होतं ना. एवढी तालीम केली आपण."

फेटा सुटून गळ्यात आला होता. हार तुटला होता. गुड्डूभाऊ वाजवता वाजवता समजावत होते, "भाऊ, नवरी आली ना बाहेर, असंच वाजवा लागते." आणि मी एका ढोलावर हात ठेवून बोटं मोजत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लग्न मोडायच्या बेतात आहे हे मला माहीत होतं. पण त्या घडीला मला रडू आलं ते त्या सातासाठी, लग्नासाठी नाही. आता हे घरी सांगू नका.

थोड्या वेळाने धुमाल थांबला. मी वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. प्रज्ञाही नाही, गुरुजीही नाहीत. पिंट्याने माझा फेटा हातात दिला आणि म्हणाला, "गाडी वळवाची काय?"

तेवढ्यात मांडवातला माइक खरखरला. गुरुजींचा आवाज. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना देतात ना, अगदी तसा.

"मंडळी, एक सूचना आहे. नवरदेवाची कोणतीही मागणी नाही. मी आणि मुलीनं स्वतः खात्री केली आहे. पोरगा लालची नाही, येडा आहे. मुलगी म्हणते, येडा चालते. तरी सर्वांनी वंदनेसाठी बसून घ्यावं."