नातीच्या कॉलेजची खानावळ
आज सूनबाईनं शहाजिरं घालून बटाट्याचं सूप केलं आणि त्या वासानं मला नातीच्या कॉलेजची खानावळ आठवली. तेव्हा नातीला इथं जर्मनीतच कॉलेज निवडायचं होतं. मुलाला म्युनिकचं मोठं विद्यापीठ हवं होतं, नातीला गावाबाहेरचं हे छोटंसं, जिथं इतिहासापासून गणितापर्यंत सगळंच थोडंथोडं शिकवतात. "असलं शिकून पोट भरतं का?" असं मीही म्हणालो होतो. शेवटी आम्ही सगळे बघायला गेलो. मुलगा नोकऱ्यांची चौकशी करत हिंडला, मी आणि ही आवारात फिरलो. गवतावर पोरं अनवाणी बसलेली, त्यांचा मास्तर त्यांच्याशी हमरीतुमरीवर आलेला, तरी सगळे हसत होते. दुपारी खानावळीत नात ताट घेऊन दाराशीच थबकली. पोर फार बुजरी, शाळेत कायम एकटी जेवायची. तेवढ्यात एका मुलीनं बाकावरची बॅग उचलून जागा केली आणि तिला हाक मारली. सूप संपेपर्यंत आमची नात खिदळायला लागली. ही म्हणाली, "झालं, हिला इथंच घाला." मुलगा वैतागला, "आई, वातावरण बघून कॉलेज घेतात का?" "मग? तुझ्या बापाला काय पगार बघून केलं होतं?" मी म्हणालो, "पगार होता कुठं!" मुलगासुद्धा हसला आणि तिथंच ठरलं. आता ही नाही. जेवण गोड लागत नाही, खोटं कशाला बोलू. नात दुपारी खानावळीतून फोन करते, तेव्हा मागं इतका कालवा असतो की तिचं निम्मं बोलणं कळत नाही. ती विचारते, "आजोबा, बाहेर जाऊन बोलू का?" मी म्हणतो, "नको, तिथंच बस."