कावळ्याला दिलेला शब्द

माझा भाऊ डेंग्यूने गेला. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, आणि कावळे समोरच्या खारफुटीत नुसते बसून राहिले. गेलेल्याचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागला. काका म्हणाले, "ये रं बाला, तुजी बाईक कोनाला नाय देनार." आई म्हणाली, "तुझ्या बहिणीचं मी सगळं नीट करीन." कावळा हलेना. शेवटी मी वाकले आणि ओठातल्या ओठात म्हणाले, "आईला कधीच सांगणार नाही." कावळा आला.

भाऊ कायमचा दुबईला चालला होता, हे फक्त मला माहीत होतं. आई मात्र शेजारणींना सांगायची, "बाहेरची नोकरी येत होती, पण माझ्यासाठी तो इथे द्रोणागिरीच्या गोदामातच राहिला." त्या एका वाक्यावर तिचे दिवस निघत होते.

माझी एकुलती मैत्रीण वाशीत नाटकाचा ग्रुप चालवते. भावाला माती देण्यासाठी राजाशी भांडणाऱ्या बहिणीची जुनी ग्रीक शोकांतिका तिला मराठीत करायची होती. मी इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे इंग्रजीवरून कच्चं मराठी मी करायचे आणि ती ते बोलतं करायची. माती टाकण्याच्या प्रसंगापाशी आम्ही अडकलो.

"हे आपल्या लोकांना भिडणार नाही. तुमच्याकडे काय करतात गं?"

मी कावळ्याचं सांगितलं. मी काय पुटपुटले आणि का, तेही. ती माझा हात धरून रडली. नाटकात कावळा घेऊ, पण ते वाक्य नको, असं मी म्हटलं.

"पागल आहेस का? ते कसं घेईन मी?"

रविवारी दुपारी प्रयोग होता. बहिणीचं काम तीच करत होती. मी विंगेत, प्रॉम्प्टिंगला. आई प्रेक्षकांत. पिंडापाशी येऊन मैत्रीण थांबली. विसरली असं वाटून मी पुढचं वाक्य हळूच सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आईला कधीच सांगणार नाही," ती समोर बघून म्हणाली, "की तू तिला सोडून कायमचा निघाला होतास."

हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. तो आईचा नव्हता.

मेकअप रूममध्ये मी एवढंच विचारलं, "का?"

"अगं, हॉल रडत होता!" काजळ पुसता पुसता ती म्हणाली. "आता ते तुझं नाही राहिलं यार. नाटकाचं झालं." आणि बाहेर थांबलेल्या लोकांना मिठ्या मारायला गेली.

आम्ही रिक्षाने सीवूड्सला परतलो. सोसायटीच्या गेटपाशी आई म्हणाली, "तू वाकलीस तेव्हाच आला होता ना कावळा?"

मी मान डोलावली.

"म्हणजे मी शेजारणींना सांगत होते, तेव्हा तू शेजारी बसून ऐकत होतीस."

एरवी जिना चढताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी कठडा धरून एकटीच वर गेली.